अंबाजोगाईहून इंग्लंडला शिकवायला यायचं ठरवताय, तर आधी हे बघा

सर, तुम्ही विचारलंय ते असं: फिजिक्समध्ये नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), पीएचडी झालेली, कित्येक वर्षं अंबाजोगाईजवळ तासिका तत्त्वावर शिकवताय, मनासारखं काम होत नाही, तर इंग्लंडातल्या विद्यापीठात नोकरी बघावी का, आणि तिथं तरी शिक्षकाला नीट शिकवू देतात का. मी नांदेडची. परभणी जिल्ह्यात सीएचबीवर, म्हणजे तुमच्यासारखंच तासिका तत्त्वावर, फिजिक्सच शिकवत होते, मग इकडं पीएचडीला आले आणि आता इथंच लेक्चरर आहे. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

माझं ठाम मत आहे की आपल्याकडं चांगला शिक्षक मागं पडतो तो त्याला येत नाही म्हणून नव्हे. त्याचा वेळ आणि डोक्याची शांतता भलतीकडंच खर्ची पडते म्हणून. दरवर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर, ती हातात पडेस्तोवर सत्र निम्मं सरलेलं. मानधन तासाचं, तेही महिनोन्‌महिने थकलेलं, आणि सुट्टीत शून्य. घरभाड्याची चिंता घेऊन वर्गात उभं राहणाऱ्या माणसाकडून नव्या पद्धतीनं शिकवण्याची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. कायम असलेल्यांना वेगळे ताप: कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली, इलेक्शन ड्युटी, मे-जूनमध्ये ॲडमिशनसाठी गावोगाव फिरणं, प्रमोशनसाठी शोधनिबंध छापण्याची घाई.

त्यात वर्ग. दिवाळीनंतर केज, धारूर, वडवणी पट्ट्यातली निम्मी लेकरं दिसेनाशी होतात. आईबाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि मागं धाकटी भावंडं, म्हातारी माणसं, जनावरं यांच्याकडं बघायला हीच मुलं. प्रॅक्टिकलला एका स्पेक्ट्रोमीटरवर (प्रकाश किती वळतो ते मोजायचं यंत्र) सात-आठ जण. एकजण प्रिझम फिरवतो, बाकीचे त्याचंच रीडिंग वहीत उतरवून घेतात. मिनिमम डेव्हिएशनला, म्हणजे प्रकाश सगळ्यात कमी वळतो तिथं, रेघ जिथून माघारी वळते ते डोळ्यानं बघितलेली मुलगी वर्गात एखादीच. मधेच दोन दिवस आलेल्या पोरीला तेच पुन्हा दाखवायचं म्हणजे पुढचा टॉपिक बुडतो, आणि न दाखवावं तर ती कायमची मागं राहते. हे तुम्ही रोज सोसताय, तुम्हाला नवं नाही. पण इकडं आल्यावर लोक विचारतात की भारतात शिकवताना सगळ्यात अवघड काय होतं, तेव्हा मी हेच सांगते.

आता इकडचं. तास कमी असतील असं समजून येऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन आणि वर्षाला किमान ३० आठवडे काम, म्हणजे कागदावर ४८० तास. इथं १९९२ नंतर विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या जुन्या पॉलिटेक्निकांच्या राष्ट्रीय करारात वर्षाला कमाल ५५० तास आणि आठवड्याला कमाल १८ तास शिकवणं धरलेलं आहे. जुन्या विद्यापीठांत असा एक ठरावीक आकडा नसतो, ज्याची त्याची पद्धत.

फरक आहे तो दुसऱ्या गोष्टीत. वर्कलोडच्या तक्त्यात इथं लेक्चरची तयारी, पेपर तपासणं, मुलांना एकेकट्याला भेटणं यालासुद्धा तास मांडलेले असतात. मांडलेले तास पुरतात असं नाही, पण ‘हे तुमचं काम आहे’ असं कुणीतरी कागदावर कबूल केलेलं असतं. माझ्या कोर्सचा पेपर मीच काढते, मीच तपासते, मग विभागातला दुसरा सहकारी त्यातल्या काही उत्तरपत्रिका पाहतो आणि बाहेरच्या विद्यापीठातला परीक्षकही नजर घालतो. तपासून, प्रत्येकाला काय चुकलं ते लिहून, साधारण तीन आठवड्यांत परत द्यावं लागतं. आपल्याकडच्या कॅप सेंटरवर (विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रावर) बसून अनोळखी कॉलेजांचे गठ्ठे संपवण्यापेक्षा हे जास्त दमवतं, पण आपण शिकवलेलं कुठं पोचलं नाही ते लख्ख दिसतं. मला या कामानं शिक्षक म्हणून सुधारलं.

विद्यार्थ्यांची ओढाताण मात्र इथंही आहेच. परदेशी पदवी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करायची परवानगी असते. सकाळच्या तासाला पेंगणारी मुलं रात्री गोदामात राबून आलेली असतात, त्यात आपली मराठी मुलंही आहेत. त्यांना रागवायला माझी जीभ उचलत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल एजंट बोलत नाहीत: नोकरीची शाश्वती. इंग्लंडात स्थानिक विद्यार्थ्यांची फी २०१७ पासून ९,२५० पौंडांवर थांबली होती, ती २०२५ मध्ये ९,५३५ झाली. मधल्या काळात महागाई कुठल्या कुठं गेली. ती तूट विद्यापीठं परदेशी मुलांच्या फीवर भरून काढत होती. जानेवारी २०२४ पासून मास्टर्सला येणाऱ्या बहुतेकांना नवरा-बायको, मुलं सोबत आणता येईनाशी झाली, अर्ज घटले, आणि अनेक विद्यापीठांनी शिक्षकांच्या जागा कमी करायला घेतल्या. स्किल्ड वर्कर व्हिसावर (नोकरी देणाऱ्या एका मालकाशी बांधलेला व्हिसा) असताना नोकरी गेली, तर नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात. पोरांची शाळा, घराचा करार, सगळं त्या ६० दिवसांत. ही टांगती तलवार डोक्यावर असताना संशोधनात मन लावणं किती जड जातं, हे सीएचबीवाल्याला वेगळं सांगायला नको.

तुमच्या बाबतीत थेट लेक्चररची जागा मिळणं कठीण वाटतं, हे मोकळेपणानं सांगते. फिजिक्समध्ये निवड समिती शिकवण्याच्या वर्षांपेक्षा शोधनिबंध आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) पाहते. म्हणून रस्ता बहुधा दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉकमधून जातो. तोही मुदतीचाच, हे घरी आधी समजावून सांगा. निबंध नावाजलेल्या जर्नलमध्ये असतील, तर नावाजलेल्या संशोधकांना मिळणाऱ्या ग्लोबल टॅलेंट व्हिसाचीही चौकशी करा, कारण तो एका मालकाला बांधलेला नसतो. इथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबरच एकरकमी भरायचा असतो: मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे पाच वर्षांचे एकट्याचेच ५,१७५. काही विद्यापीठं तो परत देतात, काही देत नाहीत. मुलाखतीत विचारायला संकोच करू नका.

तिथंच आणखी विचारा: करार मुदतीचा की कायमचा, वर्कलोडचा तक्ता दाखवता का, गेल्या दोन वर्षांत या विभागात किती जागा कमी केल्या. टाळाटाळ झाली, तर ती ऑफर कितीही मोठ्या नावाची असो, मी तरी सोडून देईन. कर्ज काढून, नुसती स्टुडंट व्हिसावर दुसरी मास्टर्स करून इथं शिकवायला लागू, असं कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी अजिबात लागू नका.

आणि एक काम या महिन्यातच उरका. प्राचार्य बदलण्याआधी प्रत्येक वर्षाच्या सीएचबी ऑर्डरी आणि शिकवलेल्या पेपरांची नावं घातलेलं अनुभव प्रमाणपत्र इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. नंतर जुनं रजिस्टर सापडत नाही म्हणून चकरा माराव्या लागतात. शोधनिबंधांची यादी मला पाठवा, कुठल्या गटांकडं अर्ज करता येईल ते बसून पाहू.