ट्रेमधली पांढरी लव मुळांची की बुरशीची?

ताई, तुम्ही लिहिलंय की सशाच्या चाऱ्यासाठी मातीशिवाय उगवलेल्या जवाच्या ट्रेमध्ये पाचव्या दिवशी पांढरी लव दिसतेय, थोडा आंबूस वास येतोय, आणि ससा दोन दिवसांपासून बारीक लेंड्या टाकतोय. शेवटी विचारलंय, "वरचा हिरवा भाग कापून घातला तर चालेल का?" हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं.

आधी उत्तर देतो. नाही चालणार. तो ट्रे मुळं आणि दाणे गुंतून झालेल्या खालच्या गादीसकट आजच फेका. कोंबड्यांना किंवा बकरीलाही घालू नका. बाकीचं नंतर सावकाश वाचा.

दाणे भिजवणं, निथळणं, पसरणं हे मी सांगत बसत नाही. ज्या घरात नवरात्रात घट बसतो तिथे धान उगवायचं कोणाला शिकवावं लागत नाही.

सगळी पांढरी लव बुरशीची नसते, हे मात्र खरं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुळांभोवती बारीक मखमल येते, ती मुळांचीच असते. पाण्याचा फवारा मारला की ती मुळाला चिकटते आणि दिसेनाशी होते, थोडं सुकलं की परत फुलते. बुरशी कोळिष्टकासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते. बहुतेक वेळा ती फुटक्या किंवा न उगवलेल्या दाण्यापासून सुरू होते, आणि पुढे राखाडी, हिरवट, काळी पडते. सगळ्यात खात्रीचा म्हणजे वास. चांगल्या ट्रेला नुकत्या कापलेल्या गवताचा वास येतो. ओल्या गोणपाटासारखा किंवा आंबूस वास आला, तर डोळ्यांना काही दिसो न दिसो, तो ट्रे गेला असं समजा. तुम्ही वासाचं लिहिलंय म्हणूनच मी इतकं ठाम बोलतोय.

आता माझं सांगतो. आम्ही अमळनेरकडचे. मे महिना होता, पारा ४४ च्या आसपास. गच्चीवर कोंब करपायचे, म्हणून मी ट्रे कुलरच्या खोलीत, कुलरच्या अगदी समोर आणून ठेवले. खोली गार वाटायची, पण खिडक्या बंद आणि हवा दमट. त्यात ट्रेची भोकं मुळांनी बुजली होती, खाली बोटभर पाणी साचलेलं होतं. मी वरून फक्त हिरवं बघत राहिलो, एकदाही गादी उचलून खाली पाहिलं नाही. सहाव्या दिवशी एका कोपऱ्यात राखाडी डाग दिसला. तेवढा कोपरा तोडून टाकला. उरलेल्या गादीवरची पात कात्रीनं कापली, दोन पाण्यांतून धुतली आणि आमच्या कापशी नावाच्या सशीपुढे ठेवली. पात इतकी हिरवीगार होती की मनात शंकाही आली नाही. दिसतो तो डाग म्हणजे बुरशीचा शेंडा असतो. तिचे धागे आणि तिनं सोडलेलं विष त्याच्या पलीकडेही असू शकतं, आणि ते धुऊन जात नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापशी अंग आकसून कोपऱ्यात बसली. कान गार लागत होते, मधूनच दात करकर वाजवत होती. आई म्हणाली, "इले काय व्हयनं रे? कोथमीरले बी तोंड लावत नही." पिंजऱ्याखालच्या कागदावर सकाळपासून सात-आठ लेंड्या होत्या, त्याही मिरीच्या दाण्याएवढ्या. एरवी सकाळी कागद भरलेला असायचा.

तो शनिवार होता. तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसानं टोपलीत डोकावूनही पाहिलं नाही. इथे गाई-म्हशी बघतात, सशाचं सोमवारी साहेब आल्यावर विचारा, म्हणाला. मी दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर मागितला, तोही मिळाला नाही. तेवढ्यावर मी घरी परत आलो, सोमवारची वाट बघायला. याचा राग आजही आहे. उपचार जमत नसतील तर नसोत, पण "हे थांबण्यासारखं नाही, जळगावला न्या" एवढं वाक्य बोलायला काय लागतं? रविवारी दुपारी आईच्या आग्रहानं जळगावला खाजगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं की आतड्याची हालचाल बंद पडली आहे, काल आणायला हवं होतं. रात्री ती गेली. बुरशीच कारण असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात तिच्या खाण्यात दुसरं काहीच बदललं नव्हतं.

मी जनावरांचा डॉक्टर नाही, नऊ वर्षं ससे पाळणारा साधा माणूस आहे. पण एवढं नक्की माहीत आहे की सशाला उलटी होत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकावं लागतं, आणि ते थांबलं की काही तासांतच जिवावर बेततं. १२ तास काही खाल्लं नाही तर सोमवार-मंगळवार बघू नका. निघण्याआधी फोन करून "ससा बघता का?" हे विचारून घ्या. आणि घरात उरलेलं माणसांचं किंवा कुत्र्याचं औषध अंदाजानं पाजू नका. अमॉक्सिसिलिनसारखी साधी वाटणारी अँटिबायोटिकची गोळी तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही दगावू शकतो.

माझं मत काहींना पटणार नाही, पण आपल्या खानदेशात हा चारा हिवाळ्याचाच उद्योग आहे. दिवाळीनंतर सुरू करावा आणि होळीला बंद. उन्हाळ्यात ट्रे गार ठेवायला जी ओल करावी लागते, तीच बुरशी वाढवते. पावसाळ्यात हवाच दमट असते. ट्रे दर खेपेला ब्लीचिंगच्या पाण्यानं घासून धुवा आणि दिवसभर कडक उन्हात वाळवा, ऊन आपल्याकडे फुकट आहे. आणि रोज गादी उचलून खाली बघा.

दाण्याबद्दलही बोलतो. कृषी केंद्रातलं पेरणीचं बियाणं कधीही घेऊ नका. त्याला बहुतेक वेळा बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी-लाल रंग त्याचीच खूण. धुतल्यानं ते खाण्यालायक होत नाही. घरातल्या साठवणीच्या गव्हाला बोरिक पावडर लावली असेल किंवा डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकल्या असतील, तर तोही नको. किराण्यातली पांढरी सोललेली बार्ली उगवत नाही, सालासकट जव मागा. आणि दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, घरात पोत्यानं असली तरी ज्वारीचे कोंब सशाला अजिबात घालू नका. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन ढोरं दगावतात हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण ट्रे लावताना नेमकं तेच विसरलं जातं.

"एक किलो दाण्याचा सहा किलो चारा" या हिशेबाला भुलू नका. वाढलेलं वजन पाण्याचं असतं. कोरडा अंश मूळ दाण्याहून थोडा कमीच भरतो, कारण उगवताना दाणा स्वतःतलं पीठ खर्च करतो. शिवाय खालच्या गादीत उरलेलं पीठ घरात बसून राहणाऱ्या सशाच्या पोटाला जड जातं. म्हणून मी फक्त पात देतो. पहिल्या आठवड्यात चिमूटभर, मग हळूहळू मूठभर. मुख्य खाणं वाळलेलं गवतच. त्याच्या रेशांवर आतडं चालतं आणि सतत वाढणारे दात झिजतात. मारवेल किंवा पवन्या मिळाला तर उत्तम, पण कापसाच्या किंवा केळीच्या बांधावरून आणणार असाल तर तणनाशक मारलंय का ते शेतमालकाला विचारूनच आणा.

तुमच्या सशाला आज ओला चारा, गाजर, फळं, पेलेट (विकतच्या खाद्याच्या गोळ्या) सगळं बंद ठेवा. पुढ्यात भरपूर कोरडं गवत आणि ताजं पाणी ठेवा. पिंजऱ्याखाली स्वच्छ कागद अंथरा आणि रात्री झोपताना लेंड्या बघा. गवत खात असेल, लेंड्या मोठ्या होत असतील, तर हळूहळू सावरेल. कागद कोरा असेल किंवा ससा पाठ वाकवून बसला असेल, तर रात्रीच फोन लावायला सुरुवात करा. तुम्ही पारोळ्याच्या आहात असं दिसतंय. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे चौकशी करा, जिथे आधी होकार मिळेल तिथे घेऊन जा. सकाळी काय झालं ते इथे कळवा, मी बघतो.