गोठलेल्या तळ्यावर ह्यांना जाऊ देऊ का?

प्रश्न : जानेवारीत आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत मिनेसोटाला निघालोय. त्याच्या घरामागे तळं आहे. ते गोठलं की लोक बर्फावर चालत जातात, भोक पाडतात आणि मासे धरतात म्हणे. आमचे हे रविवार आला की गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गळ टाकून बसणारे, त्यामुळे आत्तापासूनच हुरळून गेलेत. मला मात्र धडकी भरलीय. तळं भरवशाचं आहे हे ओळखायचं कसं? आणि एवढं गारठून मासा मिळतो तरी का?
– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : ताई, जाऊ द्या त्यांना. पण मुलगा नुसतं 'बर्फ मस्त जमलाय' म्हणाला तर हलू देऊ नका. किती इंच, आणि कुठे मोजला, एवढं विचारा. मुलीकडे मिनेसोटात असताना मी हेच विचारायचो आणि जावई वैतागायचा. वैतागू दे.

तिथल्या नैसर्गिक संसाधन विभागाचा हिशेब असा, की पायी जायला निदान 4 इंच बर्फ हवा, तोही नवा, पारदर्शक आणि टणक. दुधी, पांढऱ्या बर्फाची ताकद निम्मी धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. शिवाय कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो, हेही तोच विभाग बजावतो.

खरी मेख अशी की एकाच तळ्यात जाडी जागोजागी बदलते. ओढा येऊन मिळतो तिथे, पाणी बाहेर पडतं तिथे, तळातून झरा असेल तिथे बर्फ पातळ राहतो. काही घरांच्या धक्क्याशी पाण्यात हवा सोडणारे पंप चालू असतात, तिथे तर फिरकूच नये. वर भुसभुशीत हिमाचा थर असला की थंडी खाली पोचत नाही, बर्फ जाड व्हायला वेळ लागतो, आणि कच्ची जागा दिसतही नाही. धरणात जुनी धार कुठून जाते हे तुमच्या यजमानांना पाठ असेल. या तळ्याची तशी माहिती शेजाऱ्यांकडून काढा.

चालताना पुढे पहार आपटत जायचं. एका दणक्यात आरपार गेली, तर आल्या पावली मागे. मग हातभर लांब गिरमिटाने भोक पाडायचं, झाऱ्याने चुरा काढायचा आणि टोकाशी खिळा वाकवलेली पट्टी आत सोडायची. खिळा बर्फाच्या खालच्या कडेला अडकला की वरचा आकडा वाचायचा. थोडं पुढे गेलं की पुन्हा मोजायचं, कंटाळा आला तरी.

एकट्याने जायचं नाही. अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात दोरीला दोन टोकदार दांडे. पाय गेलाच तर ज्या बाजूने आलो त्याच बाजूला वळून दांडे रोवायचे, पाय झाडत वर यायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. वारा अडवायला भोकावर तंबू ठोकतात, त्यात हीटर लावला तर हवेची फट उघडी ठेवायचीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता माशांचं. तळं उथळ असेल तर फार आशा धरू नका. बर्फावर हिम साचलं की उजेड खाली जात नाही, पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, आणि कधी कधी हिवाळ्यातच मासे गुदमरून मरतात. त्याच विभागाच्या संकेतस्थळावर बहुतेक मोठ्या तळ्यांची खोली आणि पाहणीत सापडलेले मासे दिलेले असतात. मुलाला आजच बघायला सांगा. त्यात वॉलआय नावाचा मासा असेल तर संध्याकाळ धरायची. ब्लूगिल हा छोटा मासा भर दिवसाही लागतो. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, आमिष अगदी बारीक हवं, ओढही हलकीच जाणवते. कटल्याचा झटका विसरा. ब्लूगिल जेमतेम पंजाएवढा, पण रवा लावून तळला तर झकास. रवा तिथल्या भारतीय दुकानात मिळतो, मसाला मात्र घरचाच न्या.

परवाना बाहेरच्यांसाठी वेगळा असतो, थोड्या दिवसांचाही मिळतो. निफाडला पारा 5 अंशांवर आला की आपण शेकोट्या पेटवतो. तिथे उणे 20 सहज होतं, तेव्हा यजमानांचे बूट तिथेच घ्या.