सोयाबीनच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात, हा रोग आहे का? फवारणी करावी का?

नाही भाऊ, फवारणी अजिबात करू नका. त्या गाठी म्हणजे रायझोबियम जिवाणूंचं घर. झाड त्यांना साखर पुरवतं आणि ते हवेतला नत्र झाडाला घेता येईल अशा रूपात देतात.

खात्री करायची तर वावरातलं एक झाड खुरप्याने ढेकळासकट काढा. उपटलं तर अर्ध्या गाठी आपल्या काळ्या मातीतच राहतात. मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा, एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं की जिवाणू कामाला लागलेत. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. पांढरी असेल तर अजून कोवळी, हिरवी किंवा करडी असेल तर काम थांबलेलं. मात्र गाठ चोळूनही सुटत नसेल, मूळच सुजल्यासारखं असेल, तर सूत्रकृमीचा, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक जंताचा, संशय धरा आणि कृषी सहायकाला दाखवा.

आपल्या विदर्भात पीक जरा पिवळं पडलं की लगेच युरिया फेकतात, याचं मला फार वाईट वाटतं. आयता नत्र मिळाला की झाड गाठी कमीच धरतं.

पुढच्या पेरणीला १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम जिवाणू संवर्धक, म्हणजे पाकिटात मिळणारं रायझोबियम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळा. बुरशीनाशक आधी, रायझोबियम सगळ्यात शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. आणि पाकीट सोयाबीनचंच घ्या. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, तो इथे चालत नाही.