माळवदाचं घर पुन्हा उभं करताना

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आजोबांचं माळवदाचं (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं) घर पंधरा वर्षं बंद आहे. छताचा एक खण (दोन तुळयांमधला भाग) बसलाय, देवळीत चिमण्या नांदतात. सोलापुरातली भाड्याची खोली सोडून तिथं राहायला जायचंय. परवानगी लागेल?

उत्तर : घर गावठाणात आहे ना? मग पडका भाग नव्याने बांधायला ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी हवी. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम ५२. नमुना ८ दाखवून भागेल असं समजू नका, तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा नव्हे. आधी वारसनोंद करून घ्या, भावाबहिणींच्या सह्यांसकट. (खरी अडचण तिथंच येते!) आणि पावसाळ्याआधी तुळया टोचून पाहा, वाळवी आतून पोखरते. माळवदावर पांढरी मातीच घाला. सिमेंटच्या थराचं ओझं जुन्या लाकडाला झेपत नाही.