पेस्ट करण्याआधी फॉन्ट बघ

बेळगावात डीटीपीला बसलास म्हणजे मराठी-कन्नड एकाच पानावर येणारच. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मजकूर वर्डमध्ये थेट कंट्रोल व्ही करू नकोस. त्याच्यासोबत फॉन्ट, रंग, ओळींमधलं अंतर असं सगळं वऱ्हाड येतं. राइट क्लिक करून ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ घे.

पण जुन्या फायलीत आधी फॉन्टचं नाव वाच. जुन्या श्रीलिपीतला (मराठी) किंवा जुन्या नुडीतला (कन्नड) मजकूर युनिकोड नसतो, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये तसाच वाचता येईल असा नसतो. आत नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, वर फॉन्टचा मुखवटा. तिथे ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ केलंस की मुखवटा गळतो आणि ‘खानापूर’च्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. अशा वेळी मंगल हा युनिकोड फॉन्ट लावून काही होत नाही. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घे, मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपास, घोळ तिथेच होतो.

पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात प्रत्येक ओळ तुटते. कंट्रोल शिफ्ट ८ दाबलं की ओळ तुटल्याच्या ¶ खुणा दिसतात. फाइंडमध्ये ^p (म्हणजे तीच खूण) टाकून रिप्लेसमध्ये एक स्पेस दे, पण एकेका परिच्छेदापुरतं. सगळ्या फायलीला दिलंस तर निपाणीची जाहिरात चिकोडीच्या बातमीला चिकटेल.

आणि गिऱ्हाइकाची मूळ फाईल वेगळी ठेव रे.