पोरगा तलवारीच्या गेममध्ये अडकलाय, हिंसक होईल का हो?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे आईवडील हा प्रश्न मला सारखा विचारतात, गेमचं नाव तेवढं बदलतं. त्यातली एक केस सांगते. मुलगा दहावीतला, कुटुंब दीडेक वर्षापूर्वी कोल्हापूरहून पुण्याला आलेलं, बाकी ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय किंवा बदललंय.

आईवडील आधी दोघंच आले होते. वडील म्हणाले, मॅडम, शाळेतून आला की कंट्रोलर हातात, स्क्रीनवर नुसती कापाकापी, परवा तर रात्री साडेअकराला कंट्रोलर भिंतीवर आपटला, आता उद्या माणसावर हात टाकणार का हा? आईचं म्हणणं वेगळंच, तो बायकांची कॅरेक्टर बनवत बसतो, त्यांना कपडे घालतो, दोन दोन तास नुसतं तेच, लढत पण नाही. म्हणजे एकाच पोराबद्दल एकाला वाटतंय तो फार मारामारी करतो आणि दुसऱ्याला वाटतंय तो मारामारी सोडून भलतंच काहीतरी करतो. मी विचारलं, तुमच्यापैकी कुणी शेजारी बसून बघितलंय का कधी? नव्हतं बघितलं, दारातूनच ओरडून झालं होतं.

गेम होता सोलकॅलिबर सहा. नामको कंपनीची ही मालिका बरीच जुनी आहे, पहिला सोल एज १९९५ ला आर्केडवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आला, सोलकॅलिबर हे नाव १९९८ पासूनचं आणि हा सहावा भाग २०१८ चा. गोष्ट सोळाव्या शतकातली, एक शापित तलवार आणि तिच्यामागे लागलेले जगभरचे लढवय्ये. प्रत्येकाचं हत्यार वेगळं, मित्सुरुगीकडे कटाना, किलिककडे लांब काठी, आयव्हीची तलवार चाबकासारखी सुटत जाते, ॲस्टारॉथकडे भलीमोठी कुऱ्हाड. व्होल्डो नावाचा एक विचित्र माणूस आहे त्याच्या दोन्ही हातात चक्क कट्यारी आहेत आणि त्या जोडीचं नाव मनस आणि आयुस. हे मला मुलानेच सांगितलं, दुसऱ्या भेटीत, कारण पहिल्या भेटीत तो अर्धा तास माझ्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत बसला होता.

त्याला बोलता केला तो एकाच प्रश्नाने, तू कुठलं हत्यार घेतोस? मग मात्र थांबेचना. आडवा वार केला की बाजूला सरकणारा सापडतो, उभा वार जोरात लागतो पण समोरचा एक पाऊल बाजूला गेला की तुमचा वार हवेत, मग तो तुम्हाला मारणार. काठीवाला लांबून मारतो म्हणून त्याच्या आत शिरायचं, छोट्या तलवारीवाल्याला मात्र जवळ येऊच द्यायचं नाही. समोरचा वार करतोय त्याच क्षणाला तो परतवायचा, त्याला गार्ड इम्पॅक्ट म्हणतात, टायमिंग चुकलं की खेळ खल्लास. आणि रिंगणाच्या कडेला गेलात तर एका धक्क्यात बाहेर, स्क्रीनवरची ताकदीची पट्टी पूर्ण शिल्लक असली तरी हरलात. मला यातलं निम्मं कळलं, पण एवढं नक्की कळलं की या पोराच्या डोक्यात कापाकापी नव्हती, अंतर होतं, वेळ होती, समोरचा आता काय करेल याचा अंदाज होता. रक्ताचे पाट तर या गेममध्ये वाहतच नाहीत, वार बसला की रंगीत झोत उडतात आणि मार वाढला की चिलखताचे तुकडे पडतात.

मग त्याने मोबाईलवर त्याची कॅरेक्टर दाखवली, आणि खरी केस मला तिथे सापडली. या मालिकेत २००५ च्या तिसऱ्या भागापासून स्वतःचं कॅरेक्टर बनवता येतं, उंची, अंगकाठी, चेहरा, आवाज, कपडे, एकेका कापडाचा रंग आणि नक्षी सुद्धा. लढायची स्टाईल मात्र गेममधल्याच कुणाची तरी उचलायची. याने एक मावळा केला होता. हवा तसा फेटा मिळेना म्हणून भलतेच तुकडे एकमेकांवर चढवून फेटा केला, दांडपट्टा गेममध्ये नाहीच म्हणून सोफिटिया नावाच्या ग्रीक बाईची ढाल-तलवारीची स्टाईल दिली, का तर ढालतलवार तिचीच जवळची वाटते. या फेट्यात त्याचे तीन रविवार गेले होते. शाळेत कुणाला दाखवलास का विचारलं तर म्हणाला, कुणाला दाखवू?

कोल्हापुरात हा दर दिवाळीला गल्लीतल्या पोरांबरोबर किल्ला करायचा, माती आणण्यापासून अळीव पेरण्यापर्यंत सगळं. पुण्यातल्या सोसायटीत पार्किंगमध्ये मातीला परवानगी नाही. नव्या शाळेत उशिरा ॲडमिशन, बोलण्यातला कोल्हापुरी हेल, वाढलेलं वजन, आणि त्यावरून पडलेलं एक टोपणनाव जे मी इथे लिहीत नाही. आता बघा, एक जागा अशी आहे जिथे शरीर कसं दिसावं हे तोच ठरवतो, जिथे सराव केला की कालच्यापेक्षा आज बरं जमतंय हे लगेच दिसतं, आणि ऑनलाईन कुणीतरी म्हणतं की भाई तुझं कॅरेक्टर भारी आहे. रायन, रिग्बी आणि प्रिझिबिल्स्की या संशोधकांनी २००६ साली गेमच्या ओढीबद्दल हेच मांडलं होतं, आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी नातं असणं, या तीन भुका जिथे भागतात तिथे माणूस परत परत जातो. याच्या दिवसात या तिन्ही भुका दुसरीकडे कुठेच भागत नव्हत्या.

हिंसेचं विचाराल तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलंय की हिंसक गेम आणि चिडचिड, ओरडणं, ढकलाढकली असल्या आक्रमक वागण्याचा थोडा संबंध दिसतो, पण त्यावरून प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. म्हणजे वडिलांची भीती अगदीच हवेतली नव्हती, फक्त ती फार पुढे पळाली होती. कंट्रोलर आपटला त्या रात्री तो ऑनलाईन रँकच्या लागोपाठ मॅच हरला होता, नेट अडकत होतं आणि सकाळी साडेसहाला क्लास होता. असा राग मी कॅरमच्या बोर्डावर पण बघितलाय.

मुलींची कॅरेक्टर का बनवतो, हे मी विचारलंच नाही, त्यानेच सांगितलं की मुलींचे कपडे डिझाईन करायला जास्त मजा येते. एवढंच कारण असेल किंवा नसेलही, पण स्क्रीनवरच्या बाहुलीवरून घरच्यांनी पोराचं निदान करत बसू नये. त्याला आणखी काही सांगायचं असेल तर ज्या घरात त्याच्यावर हसत नाहीत तिथे तो सांगेल, असं मी आईला म्हटलं.

मला खटकलं ते तिसरंच. कॅरेक्टरच्या कपड्यांचे जादा सेट आणि नवे लढवय्ये विकत मिळतात, आणि याने वडिलांच्या सेव्ह करून ठेवलेल्या कार्डावरून ते घेतले होते, न विचारता, एकापेक्षा जास्त वेळा. तलवारीवर एवढं बोलणाऱ्या वडिलांनी याला 'जाऊ दे, किरकोळ रक्कम' म्हटलं! मी जाऊ दिलं नाही. रक्कम पॉकेटमनीतून हप्त्याने परत, कार्ड डिलीट, पुढची खरेदी विचारून. पोराने हे कुरकुर न करता मान्य केलं.

बाकी ठरलं ते एवढंच की ऑनलाईन रँक मॅच रात्री नऊनंतर बंद, कारण डोकं तापतं ते तिथे, कॅरेक्टर बनवायला शनिवार-रविवार मोकळे, आणि वडिलांनी आठवड्यातून एकदा शेजारी बसून खेळायचं. वडिलांनी किलिक घेतला आणि दिसेल ते बटण दाबत सुटले, काठीवाल्याचं तसंही थोडंफार चालून जातं म्हणे, एकदा चुकून पोराला रिंगणाबाहेर पण ढकललं. त्या आनंदात त्यांनी पुढच्या भेटीत जाहीर करून टाकलं की आपण याला मर्दानी खेळात घालू, आपल्या कोल्हापूरचंच आहे, खरा दांडपट्टा शिकेल. आयडिया वाईट नव्हती, पण पोरगा म्हणाला, पप्पा मला फिरवायचा नाहीये, मला तो बनवायचाय. वडील गप्प. मग मीच म्हटलं की चित्रकलेचा, ॲनिमेशनचा काहीतरी छोटा कोर्स दहावीनंतरच्या सुट्टीत बघा, आत्ता नको.

काळजी खरंच कधी करायची तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंग डिसऑर्डर धरलाय, पण त्यासाठी खेळण्यावर ताबाच न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं आणि नुकसान होत असताना सुद्धा तसंच चालू राहणं, हे साधारण वर्षभर दिसावं लागतं आणि त्याने शाळा, घर, तब्येत यांचं चांगलंच नुकसान झालेलं असावं लागतं. या मुलाचे गणिताचे मार्क घसरले होते, झोप कमी होती, पण शाळा चुकत नव्हती, जेवण होत होतं, बंद कर म्हटलं की कुरकुरत का होईना करत होता. तुमच्या घरी चित्र याहून वाईट असेल तर वर्ष भरायची वाट बघू नका, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळं शट क्लिनिक आहे, आणि सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे तिथे मराठीतून पण बोलता येतं.

शेवटच्या भेटीत बाहेर पडताना आई मागे राहिली. मॅडम, ती चाबकाच्या तलवारीवाली आयव्ही, तिचे कपडे बघितलेत का, म्हणजे कपडेच कुठे आहेत? बरोबर आहे, या मालिकेत बायकांना ज्या प्रकारे दाखवलंय त्यावर बोलायलाच हवं, युरोपात या गेमला १६ वर्षांवरचं रेटिंग आहे आणि हा पंधराचा आहे. मी म्हटलं, ओरडू नका, सरळ विचारा की लढाईला जाताना कुणी असं जाईल का. तिने त्याच रात्री विचारलं म्हणे. तो म्हणाला, आई, मी कधीच बदललंय, तिला फुल चिलखत घातलंय, नुसतं उघडं राहिलं तर कलर स्कीम करायला जागाच उरत नाही.