हवाई दलात टेक्निशियनच्या हातून मेंटेनन्समध्ये चूक झाली, तर त्याला शिक्षा व्हायलाच हवी का?

तुमचा धाकटा भाऊ एअर फोर्समध्ये टेक्निशियन आहे, त्याच्या हातून कामात चूक राहिली, चौकशी लागली आहे, आणि तुम्ही विचारताय की कोर्ट मार्शल होईल का आणि अशा चुकीला शिक्षा होणं बरोबर आहे का. पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्यावर मला बरंच बोलायचं आहे. मी एअरफ्रेम फिटर होतो, सार्जंट म्हणून बाहेर पडलो आणि आता खारघरला राहतो.

विमान पडलं नाही, कोणाला इजा झाली नाही, तर प्रकरण सहसा कोर्ट मार्शलपर्यंत जात नाही. सीओसमोर, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरसमोर, उभं करतात आणि तिथेच निकाल लागतो. एअर फोर्स ॲक्ट १९५० च्या कलम ८२ खाली सीओ एअरमनला, म्हणजे ऑफिसर किंवा वॉरंट ऑफिसर नसलेल्याला, २८ दिवसांपर्यंत डिटेन्शन (कोठडी), १४ दिवसांपर्यंत कॅम्पबंदी, दंड किंवा रेप्रिमांड (अधिकृत ताकीद) देऊ शकतो. कलम ६२ विमानाच्या बाबतीतल्या हलगर्जीचं. त्यात जाणूनबुजून केलेल्या कृत्याला १४ वर्षांपर्यंत कैद आहे, नाहीतर ५ वर्षांपर्यंत. हेतू पाहायचा, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. हँगरमध्ये तो पाहिला जात नाही, माझं भांडण तिथे आहे.

आमच्या युनिटमध्ये एक कॉर्पोरल होता. हेलिकॉप्टरवर काम करायचा, हात चांगला, बोलणं कमी. दुसऱ्या दिवशी एक्सरसाइज होती, माणसं कमी होती आणि तीन मशीन सकाळी लाइनवर हवी म्हणून वरून फोनवर फोन येत होते. त्याने बोल्ट टॉर्क केले, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळले, पॅनल बंद केलं, फॉर्म ७०० वर, म्हणजे मशीनच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही केली. त्याच्याखाली तपासणाऱ्याची सही असते, तीही झाली. रात्री मी ड्यूटीवर होतो. हा पोरगा बनियनवर, पायात चप्पल, बिलेटवरून, म्हणजे राहायच्या बराकीतून, धावत आला. म्हणाला, "सार्ज, मला आठवत नाही मी लॉकिंग वायर मारली की नाही."

आठवत नाही, एवढंच. खोटं बोलायचं असतं तर झोपून राहिला असता.

टॉर्च घेऊन आम्ही पॅनल उघडलं. बोल्टांच्या डोक्यांना वायरसाठी भोकं असतात, त्यातून दोन तारांचा पीळ असा ओढायचा की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेने त्याला घट्ट होण्याच्या दिशेलाच खेचावं. हेलिकॉप्टरमध्ये कंपनं इतकी असतात की नुसत्या टॉर्कवर भरवसा ठेवायचा नाही. तिथली भोकं रिकामी होती. मी स्वतः उभं राहून वायर मारून घेतली, फॉर्ममध्ये नोंद केली, सकाळचं पहिलं उड्डाण उशिरा गेलं. बस, एवढंच नुकसान.

आमच्या वॉरंट ऑफिसर साहेबांनी त्याच्यावर चार्ज लावला. शिक्षा झाली, कंडक्ट शीटवर, म्हणजे वर्तणुकीच्या नोंदीत, एंट्री पडली. ज्याने पॅनल बंद झाल्यावर आत न बघता तपासणीची सही ठोकली, त्याला बाजूला घेऊन चार शब्द सुनावले आणि विषय संपला. फोन करणाऱ्यांचं तर नावही निघालं नाही. मी तेव्हाच साहेबांना म्हटलं होतं की हे चूक आहे. ते म्हणाले, फौज आहे ही, इथे माफी नसते.

पुढे काय झालं ते सांगतो. काही आठवड्यांनी दुसऱ्या एका मशीनच्या पॅनलला कडेला पोचा सापडला. शिडी लागली असावी. पोच्यावर कोणीतरी ब्रशने रंग फिरवून तो झाकला होता. मी सगळ्यांना विचारलं. एकही तोंड उघडलं नाही. उघडणार कशाला? खरं सांगायला धावत येणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलं होतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. ३० मे १९९५ ला जर्मनीतल्या स्पँगडालेम तळावर अमेरिकन हवाई दलाचं एफ-१५ पडलं, पायलट गेला. दोन टेक्निशियननी कंट्रोल रॉड, म्हणजे विमान वळवणाऱ्या यंत्रणेचे दांडे, उलटसुलट जोडले होते. ते दोन्ही रॉड चुकीच्या जागीही बसू शकत होते आणि तीच गफलत आधीही झाली होती, तरी रचना तशीच ठेवलेली होती. खटले मात्र त्या दोघांवर भरले. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये कोर्ट मार्शल सुरू व्हायचं त्याच दिवशी त्यातल्या एकाने स्वतःला संपवलं.

आणि आपल्याच मुंबईजवळच्या समुद्रातलं उदाहरण. २६ फेब्रुवारी २०१४ ला आयएनएस सिंधुरत्न पाणबुडीत धूर झाला, दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशींनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. जबाबदारी वर चढते ती अशी. आमच्या हँगरमध्ये ती नेहमी उतरत उतरत सगळ्यात लहान रँकवर येऊन थांबायची.

माझं मत विचाराल तर, तोच अनुभव असलेला दुसरा चांगला माणूस त्या रात्री, तेवढ्याच घाईत, तीच चूक करू शकला असता का, हे आधी विचारा. उत्तर "हो" असेल तर पोराला शिक्षा देऊन काहीही सुधारणार नाही. काम कसं होतंय ते बदला. आत न बघता केलेली सही, झाकलेला पोचा, दडवलेला स्नॅग (बिघाड) यांना मात्र शिक्षा द्या, आणि कडक द्या. दारू पिऊन कामावर येणाऱ्याबद्दल तर मला बोलायचंच नाही.

भावाला सांगा, जबाब स्वतःच्या शब्दांत द्यायचा आणि वाचल्याशिवाय त्यावर सही करायची नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे खात्याच्या चौकशीत, त्याच्या नावावर ठपका येण्यासारखं असेल तर तिथे हजर राहण्याचा आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क आहे, तो सोडू नये. त्या दिवशी किती माणसं होती, घाई कोणी केली, तपासणीची सही कोणाची आणि किती वाजता, हे सगळं जबाबात यायला हवं. चूक त्याने स्वतःहून सांगितली असेल तर ते पहिल्याच ओळीत. पुढे वेळ आलीच तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं (सैन्यातल्या लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचं) खंडपीठ मुंबईतच आहे. फक्त मी वकील नाही आणि नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, तेव्हा सर्व्हिस मॅटर, म्हणजे नोकरीसंबंधीच्या केसेस, करणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखवा.

आमचे वॉरंट ऑफिसर साहेब आता घोडबंदर रोडला राहतात. ८ ऑक्टोबरला एअर फोर्स डेच्या जेवणाला भेटलो की अजूनही म्हणतात, "त्या पोराला मी सरळ केलं." साहेब, तो आधीपासून सरळच होता, म्हणून तर रात्री धावत आला. ती एंट्री त्याच्या शीटवर पडायला नको होती.